उरलेला स्क्रू

घड्याळ उघडून पुन्हा जोडले की एक स्क्रू उरतो, हा विनोद आपल्याकडे इतका मुरलेला आहे की तो सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी घड्याळ कधी उघडलेलेच नसते. मी उघडले. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत एकूण पाच वेळा. माझा एकही स्क्रू उरला नाही. सगळे आत गेले, झाकण बसले, काटे फिरू लागले, आणि तरीही ते घड्याळ जोडले गेलेले नव्हते. स्क्रू उरणे हा त्या मानाने सज्जन दोष म्हणायचा; तो टेबलावर पडून राहतो आणि काहीतरी चुकले आहे हे उघडपणे सांगतो. मला ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो दोष सर्व भाग जागच्या जागी असताना राहतो. साहित्याच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्याचा विचार करावा असे मला का वाटते, ते ओघात येईलच.

आधी घड्याळाविषयी. लिहिताना सेइको, बोलताना सिको, 'सिको फाइव्ह'. कोकणातल्या ज्या घरांतून कोणी आखातात गेले होते, त्या घरांत हे घड्याळ, एक टू-इन-वन टेपरेकॉर्डर आणि एक जाड ब्लँकेट या तीन वस्तू हमखास सापडत. आमचे अण्णा 1979 ते 1986 कुवेतला एका बांधकामावर फोरमन होते. घड्याळाच्या पाठीवरचा क्रमांक 29 ने सुरू होतो. सेइकोच्या पद्धतीत पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिन्याचा. म्हणजे बनावट सप्टेंबरची, साल 1972, 1982 किंवा 1992. आतल्या यंत्रावर 7009 हा आकडा आहे, आणि ते यंत्र 1972 साली निघालेलेच नव्हते. 1992 साली अण्णा घरी बसून आंब्याची कलमे करत होते. तेव्हा 1982. (हस्तलिखिताचा काळ ठरवताना आपण अंतर्गत आणि बहिर्गत पुरावे शिकवतो. ते प्रकरण इतक्या सुखाने सुटलेले मी प्रथमच पाहिले.) वाराच्या खिडकीत दोन लिप्या आहेत, इंग्रजी आणि अरबी. अण्णा वार नेहमी अरबीत ठेवत. आम्हां भावंडांना तो वाचता येत नसे, आणि वडिलांच्या मनगटावर रोज एक न वाचता येणारा शब्द असतो याचे आम्हाला फार अप्रूप होते.

हे स्वयंचलित घड्याळ आहे. म्हणजे याला सेल नाही, आणि या विशिष्ट यंत्राला चावी देण्याचीही सोय नाही. चावी आहे ती काटे, तारीख आणि वार लावण्यापुरती. आत एक अर्धवर्तुळाकार जड वजन, रोटर, आसाभोवती मोकळे फिरते. हात हलला की ते फिरते. ते फिरले की मेनस्प्रिंग गुंडाळली जाते. घालणाऱ्याच्या हालचालीवर घड्याळ जगते. पूर्ण भरले तर टेबलावर ठेवूनही चाळीसेक तास चालते, आणि मग थांबते.

अकरा-बारा वर्षांपूर्वी ते थांबले. एका चुलतभावाने ते मुंबईला नेले आणि एका दुकानात दिले. परत आले ते झगझगीत निळ्या डायलचे होऊन. मूळची डायल करड्या रंगाची, थोडी पिवळट पडलेली होती. तीच खरवडून तिच्यावर रंग दिला होता, अक्षरे नव्याने छापली होती, आणि ती अक्षरे जरा जास्त जाड होती. जुन्या घड्याळांचे संग्राहक जगभरात अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात हे मला फार पुढे कळले. ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. अण्णांनी ते हातात घेतले, पाहिले, "चांगलं झालंय" म्हणाले, आणि कपाटाच्या खणात ठेवून दिले. दोन महिन्यांत ते पुन्हा बंद पडले. तोपर्यंत त्यांच्या मनगटावर सेलवाले घड्याळ आले होते.

आमच्या एसटी स्टँडजवळ एक घड्याळजी होते. दुकान आता मोबाइलच्या कव्हरांचे झाले आहे. काका घरी असतात. हात कापतो, त्यामुळे चिमटा धरता येत नाही, पण डोळा आणि जीभ दोन्ही शाबूत आहेत. "तू उघड, मी बोलतो," असे त्यांनी सांगितले आणि आमची सुट्टी सुरू झाली.

उघडणे सोपे असते. हे वाक्य मला आज फार जड वाटते, पण ते खरे आहे. मेनस्प्रिंगमधला ताण आधी हळूहळू सोडायचा, नाहीतर चाके भरकन फिरतात आणि दाते तुटतात. एवढे पथ्य पाळले, की पुढचे काम धीराचे आहे, बुद्धीचे नाही. रोटर, ब्रिज, चाके, पॅलेट, बॅलन्स. मी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला, प्रत्येक स्क्रू वेगळ्या बाटलीच्या झाकणात ठेवला. वार दाखवणारी तबकडी एका बारीक कड्याने धरलेली असते. ते कडे चिमट्यातून उडाले आणि अर्धा तास फरशीवर सापडेना. शेवटी माझ्याच ओढणीत मिळाले. संध्याकाळपर्यंत सगळे यंत्र वर्तमानपत्रावर मांडलेले होते आणि मला घड्याळ समजल्यासारखे वाटत होते. काकांनी मांडणीकडे पाहिले आणि म्हणाले, "आता खरं काम."

पुन्हा जोडताना पहिला अडथळा चाकांचा. तीन-चार चाकांच्या आसांची टोके, कारागीर त्यांना पिवट म्हणतात, वरच्या ब्रिजमधल्या माणकांच्या छिद्रांत एकाच वेळी बसली पाहिजेत. एक बसते तेव्हा दुसरे निसटते. टोक बसले नसताना स्क्रू आवळला तर टोक मोडते. म्हणून ब्रिजवर दातकोरणीने अगदी हलका दाब ठेवायचा, दुसऱ्या हाताने एकेक चाक किंचित हलवायचे, आणि ब्रिज आपसूक खाली बसला की मगच स्क्रू. मला पहिल्यांदा दीड तास लागला. बसले की नाही याची परीक्षा सुंदर आहे. पॅलेट अजून घालायचा नाही. मेनस्प्रिंगला अगदी थोडा पीळ द्यायचा. सगळी चाके सरसर फिरतात, आणि थांबताना शेवटचे चाक क्षणभर उलटे फिरून येते. ते उलटे फिरणे दिसले की वाट मोकळी आहे. ते धपकन थांबले तर कुठेतरी केस, धूळ किंवा वाकलेले टोक आहे, आणि तिथून पुढे जायचे नाही. काकांच्या शिकवण्याचे मर्म इथे होते: प्रत्येक टप्प्यावर यंत्राला एक प्रश्न विचारायचा, आणि उत्तर आल्याशिवाय पुढचा भाग उचलायचा नाही. मी दोनदा न विचारता पुढे गेले, आणि दोन्ही वेळा सगळे पुन्हा उलगडावे लागले.

दुसरा अडथळा लवकर आला आणि लवकर गेला. घड्याळ चालू झाले, आणि तासाला अठरा मिनिटे पुढे जाऊ लागले. बॅलन्सची हेअरस्प्रिंग म्हणजे केसासारख्या पट्टीचे वेटोळे. त्यातली दोन वेटोळी एकमेकांना चिकटली, तर स्प्रिंगची चालू लांबी कमी होते आणि घड्याळ धावत सुटते. कारण दोनच असतात: चुंबकत्व किंवा तेल. शेजारी होकायंत्र धरले तर सुई हलली नाही; म्हणजे तेल. माझ्याच बोटाचे. धुतले, वाळवले, बसवले.

मग घड्याळ नीट चालू लागले. मी ते चार दिवस स्वतः घातले. फळ्यावर लिहिण्याचा हात असल्यामुळे की काय, ते एकदाही थांबले नाही. अण्णांच्या हातात बांधले. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी दोनदा घड्याळाकडे पाहून त्यांनी मला वेळ सांगितली, जी मी विचारली नव्हती. सकाळी घड्याळ बंद होते. हलवले, चालू झाले. दुसऱ्या सकाळी पुन्हा बंद. "म्हातारं झालंय ते," अण्णा म्हणाले. हे वाक्य घड्याळाविषयीच होते असे मी धरून चालले.

मी काकांकडे गेले आणि माझे निदान सांगितले. निदान म्हणजे तक्रार होती: त्या मुंबईच्या दुकानाने यंत्राची वाट लावली आहे, कसले तरी तेल घातले असेल, मेनस्प्रिंग बदलली असेल. डायलवरचा राग मी यंत्रावर काढत होते. काकांनी ऐकून घेतले आणि विचारले, "किती वाजता थांबतं?"

मला माहीत नव्हते. तीन सकाळी ते थांबलेले घड्याळ मी हातात घेतले होते, हलवून चालू केले होते, आणि काटे कुठे होते ते एकदाही पाहिले नव्हते. बावीस वर्षे मी विद्यार्थ्यांना 'संहितेकडे जा' असे सांगते आहे.

पुढचे सहा दिवस मी वहीत लिहिले. बारा वाजून दहा. पावणेबारा. बारा चाळीस. एक वाजून पाच. पुन्हा पावणेबारा. साडेबारा. अर्थ स्पष्ट होता. रात्री दहाच्या सुमारास तारीख आणि वाराची तबकडी सरकवण्याचे काम सुरू होते, आणि मध्यरात्रीच्या आसपास त्या कामाचा बोजा सर्वांत जास्त असतो. घड्याळ नेमके त्या चढणीवर दम टाकत होते. काकांचा नियम साधा आहे. काट्यांच्या एकाच जागेवर थांबत असेल तर दोष डायलच्या बाजूला शोध. कुठेही थांबत असेल तर ताकदीच्या बाजूला शोध.

डायल काढली. (काटे उपसताना खाली प्लास्टिकचा तुकडा ठेवावा, नाहीतर ओरखडा येतो. त्या रंगाला ओरखडा आला असता तरी माझी हरकत नव्हती, पण असो.) डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात, ते यंत्रातल्या भोकांत बसतात. या डायलचे दोन्ही पाय रंगकामात तुटले होते, आणि ती सरळ डिंकासारख्या कशाने तरी चिकटवली होती. तो थर पसरून वाराच्या तबकडीच्या कडेला लागला होता. तबकडी फिरत होती, पण प्रत्येक मध्यरात्री तिला त्या चिकट्यातून स्वतःला सोडवून घ्यावे लागत होते. शिवाय त्या थराच्या जाडीमुळे डायल उंच बसली होती, आणि तास काट्याला आसावर पुरेशी पकड मिळत नव्हती. दिसण्यासाठी केलेल्या कामाने चालण्याचे काम अडवले होते. मी सगळे खरवडून साफ केले, काटे पुन्हा नीट दाबून बसवले, दोन काट्यांत कागदाच्या जाडीचे अंतर आहे ना हे बाजूने पाहिले. मला फार समाधान वाटले. दोषी सापडला होता, आणि तो मला आधीपासून हवा होता तोच होता.

घड्याळ अण्णांच्या हातात गेले, आणि पहाटे तीन वीसला थांबले. दुसऱ्या दिवशी पाच वाजता. तिसऱ्या दिवशी दोन चाळीसला.

मी रडकुंडीला आले होते. काका खूश झाले. "आता कुठंही थांबतं ना? म्हणजे खालचा आजार गेला. आता वरचा बघ." एका दोषाच्या मागे दुसरा लपलेला असतो, आणि पहिला काढल्याशिवाय दुसऱ्याचा स्वभाव दिसत नाही. ताकदीच्या बाजूला प्रश्न तीन: ताकद आत जात नाही, आत राहत नाही, की पुढे पोचत नाही? स्वयंचलित घड्याळात मेनस्प्रिंगचे बाहेरचे टोक डब्याच्या भिंतीला अडकवलेले नसते. ते दाबाने धरून राहते आणि पूर्ण पीळ भरला की घसरते, म्हणजे कितीही हात हलवला तरी स्प्रिंग तुटत नाही. त्या भिंतीला चुकीचे वंगण लावले तर ते वेळेआधीच घसरते आणि पीळ राहत नाही. म्हणून आधी ते तपासायचे. डब्यावरच्या चाकाचा स्क्रू स्क्रूड्रायव्हरने सावकाश फिरवून मी हाताने पूर्ण पीळ भरला, आणि घड्याळ टेबलावर ठेवून दिले. ते एक्केचाळीस तास चालले. म्हणजे ताकद आत राहते आणि पुढेही पोचते. उरला एकच प्रश्न: रोटर फिरल्यावर ती आत किती जाते?

इथे या यंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट आहे. सेइकोने 1959 साली ती प्रथम वापरली आणि तिला 'मॅजिक लिव्हर' असे थोडे जाहिरातबाज नाव दिले. रोटर दोन्ही दिशांना फिरतो, पण मेनस्प्रिंग एकाच दिशेने गुंडाळायची असते. इतर कारखान्यांनी यासाठी दिशा बदलणाऱ्या चाकांची गर्दी केली. इथे एकच दोन फाट्यांचा पातळ लिव्हर आहे. रोटरने फिरणाऱ्या चाकावर केंद्राबाहेर एक खुंटी असते. तिच्यामुळे लिव्हर मागेपुढे होतो. त्याच्या दोन फाट्यांच्या टोकांना नख्या आहेत आणि त्या पुढच्या दातेरी चाकाला दोन बाजूंनी बिलगतात. लिव्हर मागे गेला की एक नखी ओढते, पुढे गेला की दुसरी ढकलते. एक काम करते तेव्हा दुसरी दात्यांवरून नुसती सरकते. रोटर कसाही फिरो, चाक एकाच दिशेने जाते. लाटण्याच्या दोन्ही हेलकाव्यांत पोळी मोठी होते, तसे काहीसे.

माझ्या जोडणीत एक नखी दात्यांत न बसता चाकाच्या अंगावर चढून बसली होती. आयग्लासमधून पाहिल्यावर ते इतके उघड होते की लाज वाटली. दोनपैकी एकच नखी काम करत होती. घड्याळ प्रत्येक हालचालीतून निम्माच पीळ घेत होते. माझा हात दिवसभर हलतो, मला निम्म्यातही भागत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस सकाळी अंगणात दोन फेऱ्या मारतो, वर्तमानपत्र वाचतो, दुपारी पडतो. त्यांच्या मनगटाला निम्मे परवडत नव्हते. आणि ही नखी मुंबईच्या दुकानाने चढवली नव्हती. माझ्या पहिल्या जोडणीच्या फोटोंत ती तशीच दिसते आहे. मी फोटो काढला होता, आणि पाहिला नव्हता.

इतके तपशील मी का दिले, तर माझे मत या तपशिलांतून बनले आहे. दुरुस्तीनंतर दिसणाऱ्या दोषाचे तीन धनी असतात: काळ, आधीचा कारागीर आणि आपण. आपला क्रम ठरलेला असतो. प्रथम काळाला जबाबदार धरायचे, 'जुनेच आहे, असेच चालणार' म्हणून. मग आधीच्या माणसाला. स्वतःला शेवटी, आणि तेही पुरावा समोर ठेवला तर. काकांचा क्रम उलटा आहे. जे काल चालत होते आणि आज चालत नाही, त्याला मधल्या वेळेत कोणी हात लावला? शेवटी केलेली गोष्ट आधी तपासायची. यात नम्रता वगैरे काही नाही. तो फक्त कमी वेळात दोष सापडण्याचा मार्ग आहे.

आता वर्गाकडे येते. आम्ही कविता उलगडायला शिकवतो. प्रतिमा वेगळ्या काढतो, निवेदक वेगळा, छंद वेगळा, आशयसूत्रे वेगळी. वर्तमानपत्रावर मांडून ठेवतो, आणि प्रत्येक झाकणावर पारिभाषिक संज्ञेची चिठ्ठी लावतो. मर्ढेकरांचे संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन प्रकार एम.ए.चा कोणताही विद्यार्थी झोपेत सांगेल. पण ते प्रकार घटकांच्या परस्परसंबंधांविषयी आहेत, सुट्या घटकांविषयी नाहीत, हे त्याच विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत क्वचित दिसते. उलगडणे हा आमचा अभ्यासक्रम. पुन्हा जोडणे हा विषय नाही. वीस गुणांचे उत्तर लिहून झाल्यावर ती कविता पुन्हा म्हणून पाहा, आता ती तुझ्या विश्लेषणासकट चालते का, असे कोणी विचारत नाही. मीही विचारले नाही.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे. कविता म्हणजे घड्याळ नव्हे. घड्याळ थांबते तेव्हा थांबते. कवितेचा चुकीचा अर्थ लावला तरी ती काही बंद पडत नाही, आणि अर्थ अनेक असू शकतात. आक्षेप रास्त आहे, आणि मला उपमा ताणायची नाही. पण माझे घड्याळही बंद पडले नव्हते. ते माझ्या हातात उत्तम चालत होते. माझे वाचन निम्म्या पिळावर चाललेले आहे हे मला कळायला दुसऱ्या माणसाचे मनगट लागले. वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलीला पटलेले विवेचन मागच्या बाकावर मध्यरात्री थांबत असेल, तर ती त्या मुलाची वयोमर्यादा समजायची, की कुठे थांबले ते त्याला विचारायचे?

डायलविषयी मात्र माझे मत अधिक कडक आहे, आणि तिथे आपल्या परंपरेत नेमका दाखला आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळपास तीनशे वर्षांच्या नकलाकारांनी घातलेली भर काढणे, हे काम होते. त्यांना ओव्या रचता येत नव्हत्या म्हणून त्यांनी भर घातली नाही असे कोणी म्हणणार नाही. पुढे राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत 1909 साली छापली, तिच्याविषयी वाद झाला, आणि तो वादही पाठ कोणता जुना यावरच झाला. कोणता जास्त चमकतो यावर नाही. दुरुस्ती आणि रंगकाम यांतला फरक आपल्याला चारशे वर्षांपूर्वी कळत होता. आज जुन्या पुस्तकांच्या 'नव्या' आवृत्त्या निघतात, त्यांत शुद्धलेखन आधुनिक केलेले असते, शब्द सोपे केलेले असतात, परिच्छेद तोडलेले असतात, आणि हे कुठे केले ते प्रस्तावनेत नसते. अक्षरे जरा जास्त जाड असतात. अशा आवृत्तीवर काम करणारा विद्यार्थी मग लेखकाच्या शैलीवर निष्कर्ष काढतो. निळ्या डायलवरून 1982 सालच्या जपानी कारखान्याच्या अभिरुचीबद्दल बोलावे, तसेच ते.

त्या दुकानाला सगळा दोष देऊन मी सुटू शकत नाही, हेही खरे. 'नवीन करून द्या' असे आम्हीच सांगितले होते. चुलतभावाचे शब्द मला अजून आठवतात. घड्याळ थांबलेले होते. त्याला चालते करून द्या, असे कोणी म्हणालेच नाही.

नखी बसवायला चार मिनिटे लागली. खुंटी योग्य जागी येईपर्यंत चाक किंचित फिरवायचे, दोन्ही फाटे सुईच्या टोकाने जरा फाकवायचे, आणि दातेरी चाक त्यांच्या मधे येऊ द्यायचे. मग रोटर दोन्ही दिशांना बोटाने फिरवून पुढचे चाक प्रत्येक हेलकाव्याला सरकते का ते पाहायचे. सरकले. काकांनी घड्याळ कानाला लावले, बराच वेळ तसेच धरले, आणि झाकण बंद करायला सांगितले.

डायल बदलावी का, असा प्रश्न राहिला होता. त्याच सालची, करड्या रंगाची डायल इंटरनेटवर मिळते. विकणारा ती 'अस्सल' म्हणतो, आणि तो कुठला आहे ते पाहिले तर मुंबईचाच. मिळाली तरी ती दुसऱ्या कुणाच्या घड्याळाची असणार. एका प्रतीतले फाटलेले पान दुसऱ्या प्रतीतून घालावे तसे. संपादक ते करतात, पण तळटीप देतात. घड्याळाला तळटीप कुठे द्यायची? शेवटी मी अण्णांनाच विचारले. त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला.

"डायल राहू दे आता. वार अरबीत लाव."

वार रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान चावीने लावायचा नसतो. तेव्हा तबकडीचे दाते आधीच गुंतलेले असतात आणि जबरदस्तीने मोडू शकतात. म्हणून मी सकाळपर्यंत थांबले. अरबी मला वाचता येत नाही, तेव्हा इंग्रजी वार येईपर्यंत चावी फिरवली आणि एक घर पुढे नेली. त्यांनी पाहिले, मान हलवली, आणि आणखी काही घरे पुढे न्यायला सांगितले, कारण मी आदल्या दिवशीचा लावला होता.

त्याला आता आठ महिने झाले. घड्याळ दिवसाला दीडेक मिनिट पुढे जाते. त्यांना रात्री झोप कमी लागते. परवा सांगत होते की मध्यरात्रीनंतर थोडा वेळ खिडकीत इंग्रजी वार येतो, मग तो हळूहळू वर सरकतो आणि त्याच्या जागी अरबी येतो. कुवेतला असताना हे त्यांच्या कधी लक्षात आले नव्हते. हे बिघडले आहे का, असे त्यांनी विचारले. दोन्ही लिप्या एकाच तबकडीवर आळीपाळीने छापलेल्या असतात, म्हणून तबकडीला मधल्या घरावरून जावेच लागते, ते बिघडलेले नाही, असे मी सांगितले. "मग ठीक," म्हणाले.